तीन गावं, तीन चड्ड्या

आमच्यात ठरलं होतं ते असं: हवा नेव्हिलची, माती माझी.

नेव्हिल माझा नवरा. पोर्ट हेस्टीत त्याने छत्तीस वर्षं बेकरी चालवली. पोर्ट हेस्टीत वर्षाचे नऊ महिने पाऊस पडतो आणि उरलेले तीन महिने लोक पावसाबद्दल बोलतात. कपाटातल्या बुटांना बुरशी येते, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत आम्हा दोघांच्या मध्ये एक हिरवट डाग आहे, तो दरवर्षी थोडा मोठा होतो. पीठ आणि ओल यांनी मिळून नेव्हिलच्या छातीत संसार थाटला. गेल्या हिवाळ्यात तो अकरा दिवस हॉस्पिटलात होता. डॉक्टरीण वयाने आमच्या मुलीएवढी. ती म्हणाली, "मिस्टर पॉडमोर, इथे अजून एक हिवाळा काढाल. त्याच्या पुढच्याचं मी काही बोलणार नाही. कोरड्या हवेत जा. जितकी कोरडी तितकी बरी."

नेव्हिलला वाळवंट चालणार होतं. त्याला काहीही चालतं. प्रश्न माझा होता. माझी बाग एकोणतीस वर्षांची. पेअरचं झाड, कुंपणावर वेलाचा घेवडा, दारात डेलिया, मागे बटाटे. शिवाय मी बागकाम मंडळाची चिटणीस. आमच्याकडे काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, तेव्हा हे मोठं कर्तृत्व आहे असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून बाहेर गेल्यावर आपण लावलेलं काहीतरी हिरवं दिसलं नाही तर दिवसभर मी कशी वागेन, ते नेव्हिलला माहीत होतं.

"घरापुरता भाजीपाला पिकेल असं गाव शोध," तो म्हणाला. "वाळवंटातलं कुठलंही. तू म्हणशील ते."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर इथंच राहू," असं म्हणून तो खोकायला लागला, आणि त्यातून बाहेर येईपर्यंत चहा निवला.

खरं सांगायचं तर एकही गाव सापडू नये असं मला वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

माती कशी पारखायची याची आमच्या मंडळाची पद्धत ठरलेली आहे. पांढरी, शंभर टक्के सुती, नवी चड्डी घ्यायची. वीतभर खोल पुरायची. शेजारी खुंटी ठोकून तिला नाव आणि तारखेची पट्टी बांधायची. नऊ आठवड्यांनी उकरायची. मातीत जीव असेल तर तो चड्डी खातो, नुसतं इलॅस्टिक उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशी पुरली तशी वर येते. आमच्याकडे दरवर्षी याची स्पर्धा होते, आणि मंडळाची अध्यक्ष मॉरीन सगळी इलॅस्टिकं हॉलमध्ये दोरीवर टांगते. बाहेरगावचे पाहुणे बिचकतात. आम्हाला सवय आहे.

"माझ्याच का?" नेव्हिलने विचारलं.

"माझ्या शुद्ध सुती नाहीत."

"मग विकत आण."

"हॉस्पिटलसाठी आणलेल्या सहा आहेत ना. तीनच तर हव्यात."

त्या सहा चड्ड्यांवर मीच नाव घातलं होतं. हॉस्पिटलात धुण्याला कपडे बदलतात म्हणून, इलॅस्टिकवर काळ्या पेनाने: एन. पॉडमोर. तेव्हा माझा हात थरथरत होता, त्यामुळे सगळे एन वेगवेगळे आलेत. नेव्हिलने त्यातल्या तीन काढून दिल्या आणि उरलेल्या तीन मोजल्यासारखं करून कप्पा बंद केला.

मार्चमध्ये आम्ही कॅरव्हॅन जोडून निघालो. तिन्ही गावं नकाशावरून मीच निवडली होती.

पहिलं पिनॉक सायडिंग. रेल्वे तिथे पूर्वी थांबायची. तिथली जमीन फावड्याला दाद देईना. नेव्हिलने पहार आणली, दहा घाव घातले, दोनदा बसला, आणि शेवटी पहिली चड्डी कशीबशी त्या भेगेत कोंबली. दुसरं मर्सी बोअर. तिथे जमिनीतून वर येतं ते पाणी इतकं खारट की नळाखाली पांढरी खपली धरते. लोक त्याच पाण्याचा चहा करतात आणि वरून साखर घालतात. दुसरी चड्डी तिथे.

तिसरं कॅडल हिल. टेकडी म्हणावी इतकी उंच टेकडी नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, एक्केचाळीस डिग्री होतं, आणि रस्त्यावर माणूस काय, माशीसुद्धा सावलीला बसलेली. मी गावाबाहेर एक दगडाळ माळ पसंत केला. नेव्हिल कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून म्हणाला, "ग्लेनिस, एकदा तरी बरी जागा बघ. तिकडे गावच्या हॉलच्या मागे बघ, काहीतरी हिरवं आहे."

होतं खरं. हॉलच्या मागच्या उतारावर पांढऱ्या दगडांची छोटी छोटी वर्तुळं ओळीने केलेली, प्रत्येकात एक जिरेनियम. लाल, गुलाबी, एक जरा मरगळलेलं. गावाने हौसेने केलेली बाग असावी असं मला वाटलं. ओळीच्या शेवटी जागा रिकामी होती. तिथे मी तिसरी चड्डी पुरली, खुंटी ठोकली, पट्टीवर लिहिलं: नेव्हिल पॉडमोर, १४ मार्च. विचारायला कुणी नव्हतंच.

मग घरी येऊन नऊ आठवडे वाट बघितली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट हेस्टीत पाऊस लागला. मी पेअरचा मुरंबा केला, बरण्या भरल्या, आणि स्वयंपाकघरात उभी असताना वरच्या खोलीतला खोकला ऐकत राहिले. नेव्हिल रात्री तीन उशांवर टेकून बसल्यासारखा झोपायचा. सकाळी विचारलं की म्हणायचा, "मस्त झोप लागली." मीही म्हणायचे, "मलाही."

मेच्या मध्याला पुन्हा निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस मागे पडला. तिसऱ्या दिवशी नेव्हिलने उशी काढून मागच्या बाकावर टाकली. चौथ्या दिवशी, पिनॉक सायडिंगच्या अलीकडे, गाडी चालवताना तो शीळ घालायला लागला. दोन वर्षांत त्याने शीळ घातली नव्हती. आपण शीळ घालतोय हे त्याच्या लक्षात आलं नसावं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पिनॉक सायडिंगची चड्डी पहारीने उकरली. ती इतकी चांगली निघाली की नेव्हिलने झटकली, वळवून बघितली आणि खिशात घातली. मर्सी बोअरची मिठाने कडक झाली होती, स्वतःच्या पायावर उभी राहिली असती.

"दोन गेली," नेव्हिल म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं.

माझा आवाज मला जरा जास्तच उतरलेला वाटला. नेव्हिलने माझ्याकडे बघितलं आणि गाडीची चावी फिरवली.

कॅडल हिलला या खेपेला सकाळी पोचलो. नेव्हिल कॅरव्हॅनसाठी जागा विचारायला पेट्रोल पंपाच्या दुकानात गेला. मी फावडं घेऊन सरळ हॉलच्या मागे.

खुंटी सापडली, पण ओळखू येईना. तिच्याभोवती पांढऱ्या दगडांचं नवं वर्तुळ होतं आणि आत जिरेनियमचं फूटभर रोप, लाल, दोन कळ्यांसकट. माती काळी, ओली, बोट घातलं तर आत गेलं. पट्टीवरचं नाव उन्हाने फिकं झालं होतं, ते कुणीतरी पुन्हा गिरवलं होतं. माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

मला राग आला. चाचणीत लुडबुड केलेली मला खपत नाही. मी रोप हळूच बाजूला काढलं आणि उकरायला लागले.

"ए बाई! फावडं खाली ठेव!"

उतारावरून एक म्हातारी बादली घेऊन येत होती. ऐंशीच्या पुढची, डोक्यावर पुरुषी हॅट, पायात रबरी बूट. बादलीतलं पाणी साबणाचं होतं.

"माफ करा," मी म्हटलं, "पण हे माझं आहे. मार्चमध्ये मीच पुरलंय."

तिने बादली खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "आलीस होय तू? अगं, आजवर कुणी परत आलं नव्हतं."

"नऊ आठवड्यांनी यायचं असतं."

"तुमच्यात असेल तसं." तिने हॅट काढली. "मी डल्सी. पण पोरी, माझं ऐक, उकरू नकोस. छान रुळलाय गं तो इथे."

"मला फक्त किती उरलंय ते बघायचंय."

डल्सी तोंड वळवून दूर बघत उभी राहिली. मी आणखी चार बोटं खाली गेले आणि इलॅस्टिक हाताला लागलं. ओढलं. कापडाचा धागासुद्धा नव्हता. स्वच्छ, लोंबतं, एन. पॉडमोर. मंडळाच्या स्पर्धेत गेल्या दहा वर्षांत इतकं स्वच्छ इलॅस्टिक आलं नव्हतं.

मी ते पुन्हा एकदा उलटून बघितलं. वाळवंटात माती सापडली होती.

"बघा," मी ते डल्सीसमोर धरलं. "सगळं खाल्लं."

डल्सीने डोळे बारीक करून वाचलं. मग खड्ड्यात बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. "आणि रक्षा कुठंय?"

"कसली रक्षा?"

तेवढ्यात खालून नेव्हिल वर आला. दोन्ही हातांत सॉसेज रोलच्या कागदी पिशव्या, तोंडाने शीळ. त्याच्या चार पावलं मागे पंपवाला डार्को, हातात दुकानाची नोंदवही उघडी, चेहरा खडूसारखा.

"पापुद्रा कालचा आहे," नेव्हिल लांबूनच म्हणाला. बेकरी विकली तरी जीभ विकली नव्हती. "पण आत खिमा आहे. ग्लेनिस, या माणसाला काय झालंय विचार. मी नाव लिहिलं तेव्हापासून माझ्या मागे मागे येतोय."

"डल्सी," डार्को म्हणाला, "याने वहीत काय लिहिलंय बघ."

"हा कोण?" डल्सीने मला विचारलं.

"माझा नवरा. नेव्हिल पॉडमोर."

डल्सीने बादली उपडी केली. पाणी जिरेनियमच्या मुळाशी गेलं, वाया गेलं नाही. मग ती त्या बादलीवर बसली.

चहा हॉलमध्ये झाला. डल्सीने चार कप काढले आणि नेव्हिलच्या कपात साखर घालताना तिचा हात एकदा थांबला. मग तिने सगळं सांगितलं.

या रस्त्याने म्हातारी जोडपी कॅरव्हॅन घेऊन जातात. त्यातलं एक कधी ना कधी मागे राहतं. मग दुसरं माणूस डब्यात रक्षा घेऊन येतं, कारण दोघांनी कधीतरी इथला सूर्यास्त बघितलेला असतो. हॉलच्या मागे खड्डा करतं, पुरतं, खुंटीला नाव लिहितं, गाडीत बसून रडतं, आणि निघून जातं. परत येत नाही. गाव त्यांना वाटसरू म्हणतं. तिच्या शेजारणीने, थेल्माने, पहिल्यावर जिरेनियम लावलं. मग दुसऱ्यावर न लावणं बरं दिसेना.

"असे अकरा होते," डल्सी म्हणाली. "मग चौदा मार्चला हे बारावे."

"मी तेव्हा गाडीत होतो," नेव्हिल म्हणाला.

"ते आम्हाला कसं कळणार? एवढीशी खुंटी, वर नाव, वर तारीख, आणि जागा तीच. पडद्याआडून मी बघितलं, हीच बाई खणत होती. रडत मात्र नव्हती. मी म्हटलं, असतात काही अशा."

"गरम होत होतं," मी म्हटलं.

भिंतीवर एक फळा होता. वर लिहिलेलं: पाण्याचे वार. त्याखाली सोमवार ते शनिवार, प्रत्येक वारापुढे एका घराचं नाव. रविवारपुढे वाटसरू. आणि अगदी तळाला, चौकटीत: मिस्टर पॉडमोर, रोज.

"रोज का?" मी विचारलं.

"नवीन असतं त्याला बारा आठवडे रोज. मूळ धरेपर्यंत."

"आणि पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? अंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं. मी चहाचा चोथाही घालायचे. डार्को बटाट्याची सालं आणायचा."

"कोंबडीखतही," डार्को म्हणाला. तो अजून नेव्हिलपासून एक खुर्ची सोडून बसला होता. "एकदा कोंबडीखत."

"बोलायचाही तिथे बसून," डल्सी म्हणाली. "भावाशी झालेल्या भांडणाचं."

डार्को लाल झाला. "मेलेल्या माणसाशी बोललं तर काय बिघडतं?"

"माझ्याशी काय बोललास?" नेव्हिलने विचारलं.

"तुझ्याशी नाही बोललो. त्याच्याशी बोललो."

"त्याला पटलं का?"

डार्कोने विचार केला. "ऐकून तरी घेतलं."

"मी दर सोमवारी फुटबॉलचे निकाल सांगायचे," डल्सी म्हणाली. "पट्टीवरच्या निळ्या शाईवरून वाटलं, निळ्या टीमचा असेल."

नेव्हिलने कप खाली ठेवला. सबंध सकाळीत पहिल्यांदाच तो दुखावलेला दिसला. "नऊ आठवडे? निळ्यांचे?"

चहा झाल्यावर तो आणि मी बाहेर पायरीवर बसलो. समोर लाल जमीन, मधे तारेचं कुंपण, त्यापलीकडे पुन्हा लाल जमीन. कुंपणावर चार गॅला पोपट बसले होते, गुलाबी छातीचे, एकही आवाज न करता. पोपट गप्प असले की काहीतरी खायचा बेत असतो.

"मग?" नेव्हिलने विचारलं. "निकाल काय?"

"बाद," मी म्हटलं. "ती माती नव्हतीच. साबणाचं पाणी, चोथा, सालं आणि कोंबडीखत. यात सिमेंटनेसुद्धा चड्डी खाल्ली असती. मंडळात सांगितलं तर मॉरीन चिटणीसपद काढून घेईल."

"ठीक आहे."

"ठीक काय?"

"ठरलं होतं तसं. तिन्ही बाद. घरी जाऊ." त्याने सॉसेज रोलची रिकामी पिशवी घेतली, तिची नीट चौकोनी घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

तो रागावला असता तर मला बरं पडलं असतं. सगळ्यात वाईट म्हणजे चार दिवसांत तो एकदाही खोकला नव्हता आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मी प्रत्येक तास मोजत होते. घरी जाऊ म्हणताना त्याने एक लांब श्वास घेतला, तो सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला, कुठेही न अडकता, आणि मला पेअरचं झाड आठवलं, आणि लग्नाच्या फोटोतला डाग.

"नेव्ह," मी म्हटलं, "पिनॉक सायडिंगला मी मुद्दाम वाईट जागा शोधली होती."

"माहितीय. पहार मीच मारत होतो."

"मर्सी बोअरलाही."

"तिथे शोधावी लागली नसेल."

"मग बोलला का नाहीस?"

"हवा माझी, माती तुझी," तो म्हणाला. "मातीत मी कशाला तोंड घालू?"

मी उठून आत गेले. डल्सी कप विसळत होती, पाणी बादलीत धरत होती. डार्को फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता; तळाची चौकट पुसावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"इथे वेलाचा घेवडा होतो का?" मी विचारलं.

"नाही," डल्सी म्हणाली.

"डेलिया?"

"नाव काढू नकोस."

"बटाटे?"

"करवंदाएवढे."

"मग होतं काय?"

"चवळी होते. हातभर लांब शेंगांची, ती उन्हाला जुमानत नाही. टोमॅटो होतात, वर जाळी बांधली तर, आणि पोपटांची मर्जी असली तर. कांद्याची पात. दुधी, एखाद्या वर्षी. आणि जिरेनियम, ते तर कशावरही होतं, तुझ्या नवऱ्याच्या चड्डीवरही झालं."

"एका घराचं सांडपाणी एवढ्याला पुरतं?"

डल्सीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भाताला तांदूळ लागतो का विचारलं होतं. "कुणाचंच पुरत नाही. म्हणून तर वार आहेत. मंगळवारी सगळं गाव डार्कोच्या टोमॅटोला घालतं. बुधवारी माझ्या चवळीला. सहा दिवस आपलं दुसऱ्याला द्यायचं, एक दिवस सगळ्यांचं आपल्याला येतं. एकट्याने बाग करायची असेल तर पोर्ट का फोर्ट जे काय आहे तिथे जा."

फळ्यावर गुरुवारपुढे थेल्माचं नाव होतं. त्यावर बारीक रेघ मारलेली होती.

"थेल्मा मुलाकडे गेली," डल्सी म्हणाली. "शहरात. फ्लॅटमध्ये. कुंडीसुद्धा चालत नाही तिथे." मग जरा थांबून, "गुरुवारचं पाणी सध्या मिस्टर पॉडमोरलाच जातं."

मी डार्कोच्या हातातून खडू घेतला. थेल्माचं नाव पुसलं नाही. त्याच्या पुढे लिहिलं: ग्लेनिस. अक्षर वाकडं आलं.

डल्सीने कप उपडा ठेवला. "नवीन घराला बारा आठवडे रोज पाणी," ती म्हणाली. "पण तुमचे नऊ झालेत. तीन मिळतील."

"ते माझ्या बागेला कुठे मिळाले?"

"पॉडमोरला मिळाले ना? फळ्यावर लिहिलंय. इथे सगळ्यांना एकच नियम."

मी बाहेर पाहिलं. नेव्हिल पायरीवरच बसला होता, पाठमोरा. पिशवीची घडी त्याच्या मुठीत होती.

"नेव्ह," मी दारातून हाक मारली, "तिसरी चड्डी पास धर."

त्याने वळून बघितलं नाही. पिशवीची घडी खिशात घातली. मग म्हणाला, "लुडबुड झाली होती ना?"

"झाली होती."

"मग पास कशी?"

"चिटणीस मी आहे," मी म्हटलं.

जुलैमध्ये आम्ही राहायला आलो. थेल्माचं घर, पत्र्याचं छप्पर, मागे दोन जुने बाथटब, त्यात आता माझी चवळी आहे. लावले होते चार वेल. दोन पोपटांनी खाल्ले, एक मी जास्त पाणी घालून मारला, एक आहे. त्याला गेल्या आठवड्यात सात शेंगा आल्या आणि मी त्या सगळ्या गावाला दाखवून आले. डार्को म्हणाला, छान आहेत. डल्सी म्हणाली, थेल्माला अकरा यायच्या. पेअरच्या झाडाचं मला कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. मॉरीनला इलॅस्टिक पाठवलं, सोबत सविस्तर पत्र. तिचं उत्तर आलं: निकाल ग्राह्य नाही.

रोप पुन्हा लावून खड्डा मी त्याच दिवशी बुजवला होता. वर्तुळ आणि खुंटीचं काय करायचं, यावर हॉलमध्ये चर्चा झाली. डार्कोचं म्हणणं होतं की जिवंत माणसाच्या नावाची खुंटी बरी नाही, काढून टाकावी. डल्सीचं म्हणणं, जिरेनियमने मूळ धरलंय, आता हलवलं तर मरेल. शेवटी नेव्हिललाच विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढे लागेलच."

मी पुढच्या दोन दिवसांत त्याच्याशी फारसं बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण त्याने टोमॅटोची जाळी उलटी बांधली होती.

रविवारी वाटसरूंचा वार. उन्हं उतरली की आम्ही बादल्या घेऊन हॉलमागे जातो. अकरांना गाव घालतं. डार्को अजूनही बाराव्याजवळ थोडा रेंगाळतो, पण नेव्हिल आला की उठतो. त्या जिरेनियमला नेव्हिल स्वतः पाणी घालतो, वाळलेली पानं खुडतो, आणि फुटबॉलचे निकाल सांगतो. खऱ्या टीमचे.